स्वच्छ आणि ताजं : बहुभाषी शब्दतक्त्याच्या कामाच्या नोंदी

काय करायचं आहे: ‘स्वच्छ’ आणि ‘ताजं’ यांना वेगवेगळ्या भाषांत काय म्हणतात, याचा भिंतीवर लावण्याजोगा छापील तक्ता आणि सोबत शोध घेता येईल अशी स्प्रेडशीट. असलं काम कुणी अंगावर घेणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी. सिद्धांत नाहीत; कुठे अडलं आणि कसं सुटलं एवढंच.

५ जानेवारी

आखणी केली. एका ओळीत एक भाषा आणि चार रकाने: स्वच्छ, ताजं, देवनागरीत उच्चार, शब्द कुठून आला. शेजारच्या भाषा आधी घेतल्या आणि ओळी भराभर भरत गेल्या. गुजरातीत चोख्खुं, बंगालीत पोरिष्कार, तेलुगूत शुभ्रं, सिंहलीत पिरिसिदु (आपल्या ‘परिशुद्ध’चा झिजलेला अवतार).

पहिली ठेच मलयाळममध्ये. कोश सांगतो, स्वच्छता म्हणजे ‘वृत्ती’. ही कोशातली चूक असणार म्हणून ओळ पुसली, मग दुसऱ्या कोशातही तेच दिसल्यावर परत लिहिली. शब्द संस्कृतातलाच, वागण्याची रीत या अर्थाचा. आपण तो स्वभावाकडे नेला, मलयाळमने टापटिपीकडे. शिवाय ते नाम आहे. ‘स्वच्छ’ या विशेषणाच्या रकान्यात ‘वृत्तियुळ्ळ’ हवं. नाम आणि विशेषण एकाच रकान्यात कोंबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. मला नंतर सगळ्या ओळी पुन्हा चाळाव्या लागल्या.

या गोंधळातून पाचवा रकाना निघाला: ‘मराठीत हाच शब्द कशासाठी?’ तेलुगू शुभ्रं म्हणजे स्वच्छ, आपलं शुभ्र म्हणजे पांढरं. बंगाली माणूस खोलीलाही पोरिष्कार म्हणतो आणि आभाळालाही. मराठीत परिष्कार फक्त ग्रंथात भेटतो. गुजराती चोख्खुं आणि आपलं चोख हे सख्खे भाऊ, पण आपल्याकडे चोख सोनं असतं, चोख हिशेब असतो, बंदोबस्त चोख असतो. चोख सदरा कुणी घालत नाही. इंडोनेशियन ‘सुची’ म्हणजे आपलं शुचि, पण तिकडे ते पावित्र्यापुरतंच राहिलं आणि धुतलेल्या कपड्याला ‘बेर्सिह’ म्हणतात.

९ जानेवारी

दोन रकान्यांची आखणी मोडली. मोडणारा शब्द परका नाही, ‘ताजा’च आहे.

मूळ फारसी ताज़ा. हिंदीत, मराठीत, तुर्कीत (ताज़े) अर्थ तोच राहिला. अरबीत ‘ताज़ज’ आहे. शेवटचा ज कुठून आला म्हणून बराच वेळ शोधलं. जुन्या फारसीत, म्हणजे पहलवीत, शब्द ‘ताज़ग’ होता. अरबीने त्या काळात उचलला आणि ग चा ज केला. फारसीने पुढे तो ग टाकून दिला, अरबीने सांभाळून ठेवला. इथवर सरळ.

पण अझरबैजानीत तॅज़ॅ म्हणजे ताजं आणि नवंही. तुर्कमेनीत नवं. आणि कझाख, किरगिझ भाषांत ‘ताज़ा’ म्हणजे चक्क स्वच्छ! उझबेकीत ‘तोज़ा’, तेही स्वच्छ. कझाख माणसाने एखाद्या पाण्याला ताज़ा म्हटलं तर ते कधी भरलं हे तो सांगत नाही, त्यात घाण नाही एवढंच सांगतो. शब्द एकच, पण निम्म्या भाषांत दुसऱ्या रकान्यातला आणि निम्म्या भाषांत पहिल्या. दोन्हीकडे लिहून बाण काढले, तर कागद जाळ्यासारखा दिसायला लागला. बाण काढून टाकले. उपाय अजून सापडलेला नाही, पुढे जाते.

त्याच दिवशी ‘तमीज’ही मार्गी लावला. हा मी ‘इथे काम नाही’ या यादीत टाकला होता, कारण हिंदी-उर्दूत तमीज़ म्हणजे रीतभात. अरबीत तम्यीज़ म्हणजे वेगळं काढणं, फरक ओळखणं. फारसीत तमीज़ आणि तुर्कीत तेमिज़ म्हणजे स्वच्छ. निवडून काढलेलं ते स्वच्छ. आणि बरं-वाईट निवडता येतं त्याला तमीज़. जर्मन ‘राइन’ (शुद्ध) हा शब्दही मुळात चाळलेलं, गाळलेलं या अर्थाचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तक्त्यात शेजारी ठेवले.

१२ जानेवारी

अख्खा दिवस संगणकाने खाल्ला. स्प्रेडशीटमध्ये ‘ताज़ा’ शोधलं तर निम्म्याच ओळी सापडतात. डोळ्यांना सगळे ताज़ा सारखे. शेवटी एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं तेव्हा कळलं: नुक्ता असलेला ज़ दोन तऱ्हांनी साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ज आणि त्याखाली सुटा नुक्ता म्हणून. मी टाइप केलेले एका तऱ्हेचे, इकडून तिकडून चिकटवलेले दुसऱ्या. युनिकोडचं (अक्षरं संगणकात साठवण्याच्या जागतिक पद्धतीचं) प्रमाणीकरण (एनएफसी) सगळ्या रकान्यांवर एकदा चालवलं, की सगळे दोन चिन्हांचे होतात. हे काम पहिल्या दिवशीच करा आणि नंतर काहीही चिकटवलं की पुन्हा करा.

अरबी लिपीत याहून वाईट. अरबी क आणि फारसी क ही वेगळी चिन्हं आहेत, शेवटच्या ई चंही तेच. ‘पाक’मधला क अरबी कळफलकावरून लिहिला की फारसी पाक सापडत नाही. इथे प्रमाणीकरण उपयोगाचं नाही. ती खरोखरच वेगळी अक्षरं आहेत. प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेचाच कळफलक लावून त्या ओळी नव्याने टाइप केल्या.

उलटा घोटाळा देवनागरीच्या रकान्यात. उच्चाराप्रमाणे क्रम लावला तर फारसी ‘पाक’ आणि संस्कृत ‘पाक’ एकत्र आले. एक शुद्ध, दुसरा शिजवलेला. फारसी पाकचं नातं आपल्या ‘पावक’शी, म्हणजे पू या धातूशी, पवन, पवित्र, लॅटिन ‘पुरुस’ (त्यातून इंग्रजी प्युअर) हे सगळे त्याच घरचे. स्वयंपाकातला पाक पच् धातूचा. नापाक माणूस आणि साखरेचा पाक एका गटात आलेले पाहून हसू आलं, पण तक्ता तसाच छापला असता तर हसू दुसऱ्यांना आलं असतं. म्हणून व्युत्पत्तीसाठी वेगळा सांकेतिक क्रमांक दिला आणि गट त्यावरून पाडले, उच्चारावरून नाही.

१८ जानेवारी

वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना प्रश्न पाठवला होता: तुमच्या भाषेत स्वच्छला काय म्हणता? आलेली उत्तरं निरुपयोगी. जो तो शाळेतला, शोभेचा शब्द देतो. मराठी माणसाला विचारलं तरी तो ‘स्वच्छ’ आणि ‘निर्मळ’ म्हणेल. लख्ख, नितळ, चकचकीत, साफ हे त्याला प्रश्नाच्या वेळी आठवणारच नाहीत.

प्रश्न बदलायला हवा होता. कसा, ते ठरवायला आधी मराठीच घेऊन बसले आणि विरुद्धार्थी शब्द लिहीत गेले. सदरा स्वच्छ नसला तर मळका. ताट स्वच्छ नसलं तर खरकटं. पाणी गढूळ, भांडं ओशट, आभाळ ढगाळ, अक्षर गिचमिड. पोळी ताजी नसली तर शिळी, पण फूल शिळं होत नाही, ते कोमेजतं. माणूस ताजातवाना नसला तर मरगळलेला. जखम ताजी नसली तर जुनी. हवेला तर खरं म्हणजे आपण मोकळी म्हणतो, उलट शब्द कोंदट. ‘ताजी हवा’ हे अलीकडे कानावर पडायला लागलेलं. एका ‘स्वच्छ’च्या समोर सहा वेगळे शब्द उभे राहिले. मग तक्त्यात एक शब्द देऊन भागणार कसं?

नवी प्रश्नावली: शब्द विचारायचा नाही, वस्तू द्यायची. सदरा, ताट, पिण्याचं पाणी, नदीचं पाणी, हवा, पाव, फूल, आभाळ, हिशेब, मन. प्रत्येक वस्तू चांगल्या स्थितीत असली तर काय म्हणता, आणि बिघडली तर काय. ९ तारखेचा ‘ताज़ा’चा तिढाही इथेच सुटला. रकाने वस्तूंचे झाले, ‘स्वच्छ’ आणि ‘ताजं’ हे रकानेच उरले नाहीत. कझाख ताज़ा सदऱ्याखाली जातो, मराठी ताजा पावाखाली, बाणांची गरज नाही. आधीची सगळी मांडणी फुकट गेली. त्याचं वाईट वाटून न घेता फाइल बाजूला ठेवली आणि कोरी उघडली.

२५ जानेवारी

नव्या प्रश्नावलीची उत्तरं येताहेत आणि आता मजा आहे.

फिनिशमध्ये हवा ‘राइकास’, पाव ‘तुओरे’. दोन्हींना इंग्रजी फ्रेशच म्हणेल. फ्रेंचमध्ये ‘प्रोप्र’ नामाच्या नंतर आला तर स्वच्छ, आधी आला तर स्वतःचा: शांब्र प्रोप्र म्हणजे स्वच्छ खोली, मा प्रोप्र शांब्र म्हणजे माझी स्वतःची खोली. लॅटिन प्रोप्रिउस म्हणजे आपला, मग साजेसा, मग नीटनेटका असा तो घसरत आला. तक्त्यात नुसतं ‘प्रोप्र’ लिहिणं म्हणजे अर्धं लिहिणं, म्हणून फ्रेंच ओळीत सगळीकडे नामासकट दिलं.

जपानीत खोलीला ‘किरेइ’ आणि फुलालाही किरेइ: स्वच्छ आणि सुंदर एकच. डच ‘स्खोन’ म्हणजे स्वच्छ, पण बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये त्याचा सुंदर हा जुना अर्थ अजून चालतो. जर्मन भाऊबंद ‘श्योन’ फक्त सुंदर. आणि इंग्रजी ‘क्लीन’चा जर्मन भाऊ ‘क्लाइन’ म्हणजे लहान! चकचकीत, मग नाजूक, मग बारीक, मग लहान, अशी उतरंड. क्लाइन तक्त्यात घेतला नाही, पण टिपेत ठेवला. हा मोह आवरला नाही.

जपानीबद्दल एक सावधगिरी. कारखान्यांतल्या ‘फाइव्ह एस’च्या (जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीच्या) फलकावर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके अशी यादी असते. त्यात चौथ्याचं इंग्रजी भाषांतर बहुधा ‘प्रमाणीकरण’ असं केलेलं असतं. सेइकेत्सुचा रोजच्या भाषेतला अर्थ स्वच्छ, आरोग्याला निर्धोक. फलकावरून शब्द उचलू नका.

२९ जानेवारी

नदीच्या पाण्याचा रकाना एका बैठकीत भरला आणि तो सगळ्यांत देखणा झाला. समुद्राचं नाही ते पाणी: मराठीत गोडं, हिंदीत मीठा, फारसीत शीरीन, फ्रेंच दूस, स्पॅनिश दुल्से, जर्मन ज्यूस, फिनिश माकेआ. सगळ्यांचा अर्थ गोड. रशियन ‘प्रेस्नाया’ आणि इंडोनेशियन ‘तावार’ म्हणजे अळणी. चिनी ‘दानश्वेइ’, जपानी ‘तानसुइ’ म्हणजे फिकं पाणी. या यादीत इंग्रजी एकटी फ्रेश म्हणते, आणि ते तिचं जुनंच आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा वापर मुळी खारट नसलेल्या पाण्यासाठीच होता. मराठीत ‘ताज्या पाण्यातले मासे’ असं कुठे वाचलंत तर समजा, ते इंग्रजीतून यंत्राने ओतलेलं आहे. कालचं पाणीही गोडंच असतं.

३ फेब्रुवारी

थंडपणाने वेळ घेतला. इटालियन फ्रेस्को, स्पॅनिश फ्रेस्को, फ्रेंच फ्रे: हे ताजं आणि गारवा दोन्ही सांगतात. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेल्या चित्राला फ्रेस्को म्हणतात तेही गिलावा ‘ताजा’ असतो म्हणून. जर्मनीत ‘फ्रिश गेश्ट्रिखन’ अशी पाटी दिसली तर टेकू नका, रंग ओला आहे. म्हणजे युरोपच्या या भागात गार आणि ओलं ते ताजं.

आणि मराठीत? शिळा हा शब्द संस्कृत ‘शीतल’मधून आला. गार झालेलं ते शिळं. शिजवलेल्या अन्नाकडे पाहून घडलेला शब्द आहे हा: चुलीवरून उतरलेलं ते ताजं, निवलेलं ते गेलं. तिकडे फळ आणि हवा डोळ्यांसमोर ठेवून गारवा ताजेपणाकडे गेला, इकडे तोच गारवा शिळेपणाकडे. कोरियन ‘शिवोनहादा’ म्हणजे गार, मोकळं, हायसं वाटणारं. पण गरमागरम सूप पिऊनही तेच म्हणतात. तिथे शब्द तापमानाचा राहिलेलाच नाही, घशाला काय वाटलं त्याचा झाला आहे.

हा रकाना कसा रंगवायचा यावर अडले होते. ताजेपणाला निळा रंग ठरवला होता. मराठी ओळीत तो खोटा वाटतो. रंग काढून टाकले, सगळा तक्ता काळा-पांढरा.

६ फेब्रुवारी

हिशेबाचा रकाना. वजनातून डबा वजा केला, नफ्यातून खर्च वजा केला, की जे उरतं ते ‘नेट’. फ्रेंच ‘नेत’ म्हणजे स्वच्छ, लॅटिन नितिदुस म्हणजे चकाकणारं. इंग्रजी ‘नीट’ही त्यातलाच. रशियनमध्ये उघडउघड ‘चिस्ताया प्रिबिल’, स्वच्छ नफा. मराठीत निव्वळ. रशियन ‘चिस्ती’वरून पक्क्या प्रतीला ‘चिस्तोविक’ म्हणतात आणि पक्षातून माणसं काढून टाकण्याला ‘चिस्तका’. हंगेरियन ‘तिस्ता’ हाही स्लाव भाषांकडूनच घेतलेला. चिनी ‘गानचिंग’मधलं पहिलं अक्षर ‘कोरडं’ या अर्थाचं, दुसरं स्वच्छ या अर्थाचं. ताज्याला ‘शिनश्येन’, त्यातल्या श्येनच्या अक्षरात एकीकडे मासा आणि दुसरीकडे मेंढी.

‘साफ’ला इथे जागा द्यावी लागली. अरबी साफी, म्हणजे गाळीव, निर्भेळ. तोच स्वाहिलीत ‘साफी’ होऊन रोजचा झाला. मराठीत साफ बुडाला, साफ विसरले, साफ नकार: इथे स्वच्छतेचा मागमूस नाही, ‘पुरता’ एवढाच अर्थ उरला. इंग्रजीतही क्लीन विसरतात. एकमेकांकडून उचललेलं नसावं. घासून काही उरलं नाही की दोन्हीकडे तसंच सुचतं.

१० फेब्रुवारी

गाळणी. ऐकायला गोड पण आधार नसलेल्या गोष्टी उडवल्या. पहिली उडाली ती ‘सिन्सिअर’ची: मूर्तीतल्या भेगा मेणाने न बुजवणारा शिल्पकार, म्हणून ‘सिने सेरा’, मेणाविना. लॅटिन सिन्सेरुसचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ असा आहेच, त्यामुळे शब्द तक्त्यात राहिला, मेण गेलं. नियम असा केला: व्युत्पत्तीत माणूस, मूर्ती किंवा राजा आला की संशय घ्यायचा. खऱ्या व्युत्पत्ती बहुधा कंटाळवाण्या असतात. भारतीय आर्य भाषांसाठी टर्नरचा तौलनिक कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा, एवढ्यावर बरंच भागलं. जर्मन ‘झाउबर’ (स्वच्छ) लॅटिन सोब्रिउसमधून, म्हणजे न प्यायलेल्या माणसातून आला, यावर माझा विश्वास बसत नव्हता. त्यात माणूस आहे खरा, पण तो टिकला.

१४ फेब्रुवारी

कच्ची प्रत आत्याकडे वाचायला दिली होती. तिने पेन्सिलीने मराठीच्या ओळीत एकच शब्द घालून परत पाठवली: पारोसा.

दोन आठवडे मी कझाखपर्यंत जाऊन ‘स्वच्छ आणि ताजं एकाच शब्दात’ शोधत होते. पारोसा म्हणजे अजून आंघोळ न केलेला. घर पारोसं म्हणजे अजून केर काढलेला नाही. आणि मोल्सवर्थ पाहिला तर आदल्या दिवशीचं, शिळं हाही अर्थ. मूळ संस्कृत ‘पर्युषित’, रात्र काढलेलं. धूळ लागली की नाही याचा प्रश्नच नाही. रात्र उलटली की माणूस, घर, अन्न सगळं एकदम जुनं होतं आणि सकाळी नव्याने सुरू करावं लागतं. असा शब्द असताना प्रश्नावलीत मी तो विचारलाच नव्हता, कारण माझ्या वस्तूंच्या यादीत माणूसच नव्हता. मन होतं, माणूस नाही. रकाना वाढवला. सगळ्यांना पुन्हा विचारणं आलं: झोपेतून उठलेला, तोंड न धुतलेला माणूस. त्याला काय म्हणता?

२१ फेब्रुवारी

उत्तरं हळूहळू येताहेत, बहुतेक भाषांत एका शब्दात उत्तर नाही, सगळं वाक्य येतं. ती वाक्यंच छापायची ठरवली. रकाना रुंद झाला, म्हणून तक्ता आडवा केला.

छपाईच्या तयारीतल्या अडचणी, थोडक्यात. अरबी लिपीचे शब्द मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सुटे आणि उलटे पडतात. त्याच कोषात (तक्त्यातल्या चौकोनात) देवनागरी आणि कंस असले तर कंस भलतीकडे उघडतात. लिपी आणि उच्चार वेगळ्या कोषांत ठेवले. तुर्कीच्या मथळ्यांत मोठी अक्षरं वापरल्यावर तेमिज़ मधल्या इ वरचं टिंब गेलं. तुर्कीत टिंबाची आणि बिनटिंबाची अशी दोन अक्षरं आहेत, त्यामुळे हा शुद्धलेखनाचा दोष ठरतो. मोठी अक्षरंच बंद केली. चाचणीची प्रत प्रत्येक भाषेच्या माणसाला छापील कागदावरच दाखवा, पडद्यावर नाही; पडद्यावर त्यांचा स्वतःचा फाँट लागतो आणि तुमची चूक झाकली जाते.

२ मार्च

छापला. स्प्रेडशीटची अंतिम प्रत साध्या टॅबने तोडलेल्या मजकुरात ठेवली आहे, रकाना वस्तूचा, ओळ भाषेची, प्रत्येक कोषात दोन शब्द: चांगला आणि बिघडलेला. ‘मन’ हा रकाना बहुतेक भाषांत अर्धा रिकामा आहे आणि तो तसाच छापलाय. रिकाम्या जागी कोशातले शब्द भरलेले नाहीत. नवी भाषा जोडायची असेल तर ‘पारोसा माणूस’ हा रकाना आधी भरा, मग सदरा. पहिल्या प्रश्नाला लोक विचार करून उत्तर देतात, शेवटच्यापर्यंत कंटाळतात.